डाव्या हातचं मीठ

जुळे सोलापूर भागात, फ्लॅटांच्या दोन रांगांमधल्या रस्त्यावर, धुळ्याची खानावळ आहे. पाटीवर नुसतं ‘मासे’ एवढंच लिहिलंय. चिलापीचं कालवण, वामीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, बस्स. बँकेतले, शाळेतले लोक दुपारी गाड्या लावून येतात, बोटं चाटून जातात, आणि जाताना एकच कुरकुर करतात. हा माणूस ताटात मीठ डाव्या हातानं वाढतो. आता तुम्हीच सांगा, डाव्या हातानं कुणी मीठ वाढतं का? आपल्याकडं पाहुण्याला डाव्या हातानं पाणी दिलं तरी आई डोळे वटारते. एकदा एका सरांनी ताट मागं सारलं आणि तणतणले, "उजवा हात काय कुणाला देऊन आलायस का रे?"

"व्हय सर," धुळा म्हणाला, "दिलाय." आणि पुढच्या टेबलाकडं वळला.

तसा उजवा हात त्याला आहे. कोपराखाली जरा वाकडा, पण भाकरी थापतो, मासा साफ करतो, गिऱ्हाईक माजलं तर दाराबाहेरही काढतो. मीठ तेवढं डाव्यानंच. त्या हाताची हकिगत सांगायची तर मारामारीपासूनच सुरुवात करायला लागते, कारण या सगळ्या प्रकरणात शहाणपणानं असं काही घडलेलंच नाही.

धुळा मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणारा. आईबाप गेलेले, लग्न ठरता ठरता राहिलेलं, जे काही होतं ते मेंढरांत. त्या वर्षी उन्हाळ्यानं तिकडं पार जीव काढला होता. टँकर यायचा, सिमेंटच्या डोणीत पाणी सोडायचा, आणि मग माणसं जनावरांच्या वरताण वागायची. त्या दिवशी धुळ्याचा कळप आधी पाण्यावर लागला होता. मागनं त्याचा चुलतभाऊ बिभीषण आला आणि त्यानं आपली मेंढरं खुशाल आडवी घातली. त्या रेटारेटीत धुळ्याची एक गाभण मेंढी डोणीच्या कडेला चेंगरून मेली. तिच्या तोंडातला फेस बघितला आणि धुळ्याचं डोकंच फिरलं. कुऱ्हाड खांद्यावर होतीच. पात्यानं हाणली असती तर आज ही गोष्ट सांगायला कोण उरलं असतं? देवानं बुद्धी दिली म्हणा, नाहीतर हातात कुऱ्हाड उलटी फिरली म्हणा, घाव बसला तो तुंब्याचा, म्हणजे मागच्या बोथट बाजूचा. बिभीषणाचा उजवा हात कोपराखाली मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि डोणीतलं पाणी लाल झालं. मेंढरं तेच पाणी पीत राहिली.

बिभीषण म्हणजे त्या भागातला एक नंबरचा लोकर कातरणारा. मेंढी मांडीखाली घेतली की बघता बघता उघडी करायचा, कुठं ओरखडासुद्धा नाही. लोक लांबनं बोलावणं धाडायचे. आता हाड जुळलं ते वाकडंच. कातर धरली की बोटं मिटायची तशी मिटेनात. भावकीतली पोरं बापाच्या वयाच्या माणसाला हसायला लागली. तेव्हा तो बिरोबाच्या देवळात गेला, भंडारा उधळला, पायरीवर कपाळ आपटून रक्त काढलं आणि सगळ्यांच्या देखत बोलला, "धुळ्याचा उजवा हात मी माझ्या हातानं मोडत न्हाय, तोवर मिठाला शिवणार न्हाय."

मीठ सोडणं ही काय चेष्टा आहे? गोड सोडलेली, चहा सोडलेली माणसं गावोगाव भेटतात. पण मीठ सोडून भाकरी घशाखाली उतरवून बघा. घरच्यांना वाटलं, आठवड्यात विरघळेल. कसला विरघळतोय! आळणी भाकरी खाऊन तो वाळत गेला, आणि जेवढा वाळला तेवढा पेटत गेला. आधी त्यानं धुळ्याचा कुत्रा बाभळीला टांगला. मग धुळ्याचं खोपट पेटवलं. धुळा लघवीला बाहेर गेला होता म्हणून वाचला, नाहीतर तिथंच कोळसा झाला असता. मेंढरं बहिणीच्या घरी मेव्हण्याच्या हवाली करून तो अंगावरच्या कपड्यानिशी पळाला.

सांगोल्यात रेल्वेत बसला, कुर्डुवाडीत गाडी बदलली, आणि तिकीट नाही म्हणून टीसीनं केमला खाली उतरवलं. तिथनं चालत सुटला तो उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर येऊन थांबला. पुढं जायला जमीनच नव्हती. एवढं पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. डोणीभर पाण्यासाठी भावाचा हात मोडलेला माणूस तो. काठावर फतकल मारून बसला आणि ढसाढसा रडला.

रडताना शेजारी काय चाललंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तिथं गुंडा नावाचा एक धिप्पाड माणूस आपल्या स्वयंपाक्याला वल्ह्यानं बदडत होता. स्वयंपाक्या रक्ताळलेलं नाक धरून उसात पळाला. गुंडा वल्हं घेऊन धुळ्यापुढं येऊन उभा राहिला.

"ए, रडतोस कशापायी? सैपाक येतो का?"

धुळ्यानं त्याच्या मागं बघितलं. काठापासनं लांब पाण्यात एक भली मोठी लोखंडी बोट उभी होती. जमिनीपासनं एवढी लांब की बिभीषणच काय, त्याचा बापही चालत तिथवर पोचला नसता.

"येतो की," धुळा म्हणाला. आयुष्यात त्यानं चुलीवर दुधाशिवाय काही ठेवलं नव्हतं.

ती बोट म्हणजे एक तऱ्हाच होती. पूर्वी ती वाळू काढायची. चोरट्या वाळूवर सरकारी कारवाई झाली तेव्हा तिचं इंजिन सुरुंगानं उडवलं. गुंडानं ती भंगारात घेतली, भोकाला पत्रा मारला, मधोमध लोखंडी पाइप उभा केला, आणि ताडपत्र्या शिवून त्यावर शीड चढवलं. साऱ्या फुगवट्यात शिडाची बोट एवढी एकच. लोक हसायचे. हसणाऱ्याला गुंडा हाणायचा, त्यामुळं काठावरच्या एकाही गावात त्याला थारा उरला नव्हता. म्हणून तो आणि त्याची आई केराबाई बोटीवरच राहायचे. मासे विकण्यापुरता तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसून काठाला यायचा.

"एक ध्यानात धर," शीड सोडता सोडता गुंडा म्हणाला. "जेवान बिघडलं की तुला केमच्या रस्त्यावर नेऊन टाकनार."

केमचा रस्ता म्हणजे बिभीषण. एवढं धुळ्याला पुरेसं होतं. कालवण जमलं तर जीव राहणार, नाहीतर गेला.

पहिल्याच दिवशी त्यानं जे केलं ते मेंढक्याशिवाय कुणी करणार नाही. चिलापी पातेल्यात घातली आणि मटण शिजवतात तशी शिजवत बसला. बोकड शिजायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळ खाली जाळ घालून, वरनं ढवळत. माशाचा पार चिखल झाला. त्या चिखलात काटे. गुंडानं एक घास घेतला, काटा घशात अडकला, डोळे पांढरे झाले. काटा निघाल्यावर त्यानं पातेलं उचललं आणि धुळ्याच्या डोक्यावर उपडं केलं. गरम होतं. मानेवरचे फोड पुढं बरेच दिवस फुटत होते.

"मेंढरू न्हाय त्ये, मुडद्या!" कोपऱ्यातनं केराबाई ओरडली. "पान्यातला जीव हाय, चार उकळ्यांत शिजतोय."

केराबाईची नजर चुलीच्या धुरानं कधीच गेली होती. ती शिडाच्या पाइपाला टेकून बसायची, हातात लोखंडी चिमटा. डोळे नसले तरी चिमट्याचा नेम पक्का. गुडघ्यावर, मनगटावर, जिथं हाड असेल तिथंच बसायचा.

दुसऱ्या दिवशी चार उकळ्या मोजून धुळ्यानं मासा उतरवला. पण मीठ? मेंढरांना मीठ चारायचं तर मुठीनं चारतात. त्याच्या हाताला मिठाची तेवढीच ओळख. घातली मूठ. गुंडानं पहिला घास पाण्यात थुंकला आणि दुसरा धुळ्याच्या तोंडावर. मग उठून धुळ्याला लाथा घातल्या. बोट डुलत होती म्हणून दोन लाथा हुकल्या, तेवढंच नशीब. तिसऱ्या दिवशी भेदरलेल्या धुळ्यानं मीठच घातलं नाही. आता मात्र गुंडानं त्याला मानगुटीला धरलं, बोटीच्या कडेवरनं अर्धा बाहेर काढला आणि डोकं पाण्यात बुडवलं. वर काढलं. पुन्हा बुडवलं. धुळ्याला पोहता येत नव्हतं. सांगोल्यात पोहायला पाणी कुठलं?

"सोड त्याला," केराबाई म्हणाली. "मेला तर भाकरी कोन थापनार? तू?"

गुंडानं सोडला आणि तराफ्यावर बसून जाळी बघायला निघून गेला. धुळा नाकातोंडातनं पाणी काढत तिच्यापाशी पडला आणि काय वाटलं कोण जाणे, सगळं सांगून मोकळा झाला. डोणी, मेंढी, तुंबा, बिभीषणाचं मीठ. केराबाईनं ऐकून घेतलं आणि खो खो हसायला लागली.

"म्हंजी तुजा वैरी बी आळणी खातोय, आन् आमाला बी आळणीच घालतोस व्हय रं?"

धुळ्याला संताप आला. पण हसूही आलं, ठसकता ठसकता.

त्या दिवसापासनं केराबाईनं त्याला शिकवायला घेतलं. शिकवणं कसलं, मारच तो. "मीठ मुठीनं घालू नको. कान दे. कालवण खळखळतंय तोवर थांब. रटरटाय लागलं की मग घाल, तीन बोटांची चिमट." धुळ्याला खळखळ आणि रटरट सारखीच वाटायची. चुकला की चिमटा. मासा आधी हळद लावून बाजूला ठेवायचा, शेंगदाण्याचं कूट शेवटी घालायचं, काळं तिखट तेलात करपवायचं नाही. एकेक गोष्ट त्याच्या हाडात चिमट्यानंच शिरली. मनगटं कायम सुजलेली असायची.

त्यातनं ती बोट. कापलेल्या पत्र्याच्या पिंपात वाळू भरून त्यावर चूल मांडलेली. वारा फिरला की गुंडा "पालट!" म्हणून ओरडायचा आणि शीड या अंगाचं त्या अंगाला फाडकन जायचं. शिडाच्या खालचा आडवा बांबू माणसाच्या डोक्याच्या उंचीवरनं असा सुटायचा, की सापडला तर कवटीच फुटावी. त्याच वेळी बोट कलंडायची आणि पातेलं चालायला लागायचं. धुळ्यानं एकदा नुसतं डोकं वाचवलं, पातेलं राहिलं. ते पिंपाला धडकलं, निखारे उडाले, शिडाला ताटाएवढं भोक पडलं. गुंडानं त्याला ओल्या दोरानं फोडून काढला. पाठीवरचे वळ बघून कुणी म्हटलं असतं, भाजायला ठेवलेला मासाच आहे.

"वाऱ्याकडं पाठ करून चूल मांड की," केराबाई वैतागली. "पावसात मेंढरं कशी हुबी ऱ्हात्यात?"

हां! हे धुळ्याला समजलं. वारं कुठनं येणार, कधी फिरणार, हे त्याला माळावर कळायचंच की. मग गुंडानं "पालट" म्हणायच्या आधीच त्याचं अंग जागं व्हायला लागलं. मान खाली, दोन्ही हातांनी पातेलं वर, बांबू डोक्यावरनं सूं करून गेला की पातेलं परत चुलीवर. मान खाली, पातेलं वर. विचार करावा लागेना. गुंडाचं मारणं कमी झालं. केराबाई मात्र चांगलं झालंय असं कधी म्हणाली नाही. दर जेवणाला बोटं चाखायची आणि म्हणायची, "अजून न्हाय."

असं वर्ष उलटून गेलं. मग एका पहाटे, तांबडं फुटत असताना, जाळी कापणारे आले. गुंडाचं कुणाशी पटत नव्हतं, तेव्हा त्याची जाळी कापायला उठणारे काही कमी नव्हते. एक तराफा बोटीला लागला आणि एकजण कोयता घेऊन वर चढला. गुंडा जाळं ओढत वाकला होता. कोयता त्याच्या खांद्यात घुसला. दुसरा घाव मानेवर बसणार एवढ्यात धुळ्यानं चुलीवरचं रटरटतं कालवण उचललं आणि त्या माणसाच्या तोंडावर फेकलं. तो जो किंचाळला! चेहऱ्याची कातडी सोलून आल्यासारखी लोंबली. तो आंधळ्यासारखा पाण्यात पडला, बाकीच्यांनी त्याला ओढून घेतला आणि पळाले.

"काय सांडलं रं?" केराबाई ओरडली.

"कालवण."

"समदं?"

"समदं, मावशे."

तिनं चिमटा फेकून मारला.

गुंडाचा खांदा धुळ्यानंच हळद भरून बांधला. त्यानंतर गुंडानं त्याच्यावर हात उचलला नाही. जिथं जाईल तिथं फुशारकी मारायचा, "माजा धनगर! कालवणानं मानूस भाजतो!" त्याला काय माहीत, की त्या फुशारकीपायी धुळ्यावर मरण चालून येणार आहे. गोष्ट काठाच्या हॉटेलांत गेली, तिथनं केमच्या स्टेशनावर, तिथनं गाडीत बसून सांगोल्याला पोचली. शिडाच्या बोटीवरचा धनगर. बिभीषणानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि निघाला.

तो काठावर आला तेव्हा गुंडा मासे विकत होता.

"धुळ्याचा भाऊ हाय मी. लई दिसांनी ठावठिकाणा लागला."

गुंडाला धुळ्यानं वैराचं अक्षरही सांगितलं नव्हतं. तो खुशीत आला. "भाऊ! आवो, मग चला की! जेवूनच जावा." आणि स्वतः तराफ्यावर बसवून त्याला बोटीवर घेऊन आला.

धुळा मासे साफ करत होता. त्यानं वर बघितलं. तोंडाचं हाडूक झालेला, ओठ फाटलेला, डोळे आत गेलेला माणूस समोर उभा होता, आणि घोंगड्याखाली कुऱ्हाडीचा आकार दिसत होता.  तोवर गुंडानं शीड सोडलं होतं. वारं भरलं, बोट निघाली, काठ मागं गेला. ज्या पाण्याच्या भरवशावर धुळा इतके दिवस जगला होता, त्याच पाण्यात आता पळायला जागा नव्हती.

बिभीषण कडेला गच्च धरून बसला. एवढं पाणी त्यानंही कधी बघितलं नव्हतं.  कालवण चुलीवर चढलं, खळखळायला लागलं, तेव्हा तो उठला.

"डोनीभर पान्यापायी माजा हात मोडलास," तो म्हणाला, "आन् हितं पान्यावरच ऱ्हातोस व्हय रं?"

घोंगडं बाजूला झालं, कुऱ्हाड वर आली. धुळा पिंपाआड झाला. घाव पिंपावर बसला, ठिणग्या उडाल्या. गुंडा शिव्या देत मधे घुसला, तर बिभीषणानं दांड्याचं टोक त्याच्या तोंडात घातलं. दोन दात पडले. गुंडानं तोंडाला हात लावला आणि हातातला शिडाचा दोर सुटला. धुळ्याला वारा कानामागं फिरलेला कळला. समोर कुऱ्हाड उगारलेली, तरी अंगानं आपलं काम केलं. मान खाली, पातेलं वर. बिभीषणाला यातलं काय माहीत? बांबू सणसणत आला आणि त्याच्या खांद्यावर असा बसला की तो कडेवरनं उलटा पाण्यात गेला. कुऱ्हाड बोटीत पडली.

घोंगडं भिजून जड झालेलं, पोहता येत नाही, एका हातात धड जोर नाही. बिभीषण वर आला, खाली गेला.

"मरू दे भाड्याला!" गुंडा रक्त थुंकत ओरडला.

धुळ्यालाही तेच वाटलं. खोटं कशाला बोला? मरू दे, संपू दे एकदाचं, असं म्हणत तो पातेलं धरून बघत उभा राहिला. बिभीषण पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. मग पाण्यावर नुसता हात उरला. उजवा. वाकडा. धुळ्यानं पातेलं चुलीवर ठेवलं, पोटावर पडला आणि तो हात धरला. धरला तेव्हा कातडीखाली हाडाचा गोळा त्याच्या तळव्याला लागला. जिथं तुंबा बसला होता तिथंच. तो हात वाळक्या काटकीसारखा झाला होता. आजवर धुळ्यानं त्या घावाचा विचार फक्त स्वतःच्या जिवापुरता केला होता. आता तो घाव त्याच्या मुठीत होता. "दादा, सोडू नगं," तो ओरडला, आणि त्याला ओढून वर घेतला.

बिभीषण ओकत पडला. गुंडानं त्याच्या बरगडीत लाथ घातली, पाय धरून परत पाण्यात टाकायला निघाला. केराबाईचा चिमटा गुंडाच्या नडगीवर बसला.

"पाव्हना हाय. जेवल्याबगर जानार न्हाय," ती म्हणाली. "आन् कालवण रटरटतंय. कुनाचं ध्यान हाय का न्हाय?"

खरंच रटरटत होतं. धुळ्यानं सवयीनं मिठाच्या डब्यात तीन बोटं घातली, चिमूट उचलली, पातेल्यावर नेली, आणि थांबला. पाठमोऱ्या बिभीषणाकडं बघितलं. चिमूट परत डब्यात टाकली. सगळ्यांचीच ताटं आळणी वाढली आणि मिठाचा डबा मधे ठेवला.

बिभीषणानं ताटाकडं बघितलं. "मीठ?"

"घातलं न्हाय. तुला चालत न्हाय न्हवं?"

बिभीषणानं ताट जवळ ओढलं. घरात बायको, भावजय चोरून मीठ घालायच्या, शपथ मोडावी म्हणून. किती ताटं त्यानं भिंतीवर फोडली होती. आणि त्याची शपथ सांभाळून वाढणारा भेटला तो हा! तरी त्यानं घास उचलला नाही.

"वाचिवलंस," तो म्हणाला. "पर देवाला काय सांगू, धुळ्या?"

 पळून पळून धुळा थकला होता. त्यानं बोटीत पडलेली कुऱ्हाड उचलली आणि बिभीषणाच्या हातात दिली. मग बाही वर सारून उजवा हात लोखंडी कडेवर आडवा ठेवला.

"मोड, दादा."

"येडा झालास का रं?" गुंडा ओरडला. केराबाईनं त्याचं धोतर घट्ट धरून ठेवलं.

उजव्यात जोर नव्हता म्हणून बिभीषणानं कुऱ्हाड डाव्या हातात घेतली. तुंब्याची बाजू खाली केली.  पहिला घाव हुकला, लोखंडावर बसला, धुळ्यानं डोळे घट्ट मिटले. "नीट मार," तो दात खात म्हणाला. दुसरा घाव बसला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. धुळा गुरासारखा ओरडला, गुडघ्यावर पडला, आणि जे पोटात होतं ते सगळं ओकला. हात कोपराखाली नको तिथं वाकला होता. बिभीषणानं कुऱ्हाड पाण्यात भिरकावली आणि डोकं धरून बसला.

 शीड नुसतंच फडफडत होतं. मग धुळा सरकत सरकत ताटांपाशी आला. घामानं निथळत होता, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. डाव्या हातानं त्यानं डबा उघडला, तीन बोटांची चिमूट घेतली आणि बिभीषणाच्या ताटात टाकली.

बिभीषणानं वर बघितलं. रडता रडताच चिडला. "डाव्या हातानं मीठ वाढतोस व्हय रं?"

"उजवा तुला दिला न्हवं का आत्ता?" धुळा म्हणाला.

बिभीषणानं मीठ कालवणात मिसळलं आणि घास तोंडात घातला. फाटलेल्या ओठांना, सोललेल्या जिभेला ते झोंबलं. तो विव्हळला, पण थुंकलं नाही. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. हातातली भाकरी बाजूला ठेवून त्यानं धुळ्याच्या पाठीवर हात ठेवला, तो वाकडा हात, आणि डाव्या हातानं तसाच जेवत राहिला.

धुळ्यानं डाव्या हातानंच गुंडाच्या ताटात मीठ घातलं. शेवटी केराबाईच्या. तिनं बोट बुडवलं, चोखलं. पुन्हा बुडवलं. चिमटा खाली ठेवला.

"हां," केराबाई म्हणाली. "आज जमलं बग."

हात मोडताना धुळा ओरडला होता, पण रडला नव्हता. तो आता रडायला लागला.